सहा तारा आणि दोन धनी

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. वडगाव रासाई येथील एका घरी आशीर्वादाच्या प्रार्थनेसाठी गेलो होतो. भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड, आणि दोन्ही काठांवर ऊस, असा हा मुलूख. आपली कुटुंबे या भागात थोडी आणि विखुरलेली. त्यामुळे फादर घरी आले, की प्रार्थना आटोपताच चहाच्या कपाबरोबर घरातील तक्रारीही पुढे येतात. त्या दिवशीची तक्रार मात्र मला नवीन होती. घरातील थोरला मुलगा दर रविवारी मिस्सा झाली की पुण्याला जातो आणि एका शिक्षकांकडे पाश्चात्त्य शास्त्रीय गिटार शिकतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा तो देत आहे. परंतु लग्नसराई सुरू झाली, की तोच मुलगा तेच वाद्य घेऊन एका ऑर्केस्ट्रात जातो, आणि हळदीच्या रात्री मांडवात चित्रपटगीते वाजवतो.

"फादर, आता तुम्हीच सांगा त्याला," वडील म्हणाले. "एक ना धड, भाराभर चिंध्या. एक तर मोठं शिक्षण घे, नाही तर बँजो पार्टीत जा. दोन डगरींवर पाय ठेवून कुणाचं भलं झालंय?"

मुलगा खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या उजव्या हाताची नखे वाढलेली होती. शास्त्रीय वादनाला ती लागतात. त्यावरून आईची बोलणी वेगळीच. उसाला पाणी देताना, मोटारीशी झटापट करताना त्यातले एखादे नख मोडले, की महिनाभराच्या रियाजावर पाणी पडते. थोड्या वेळाने तो एवढेच म्हणाला, "फादर, रविवारी सर जे शिकवतात ते मला मांडवात उपयोगी पडतं. पण मांडवात जे शिकायला मिळतं, ते सरांकडे मिळत नाही."

मी त्या घरी काहीही सांगितले नाही. "विचार करून सांगतो," असे म्हणून निघालो. वाचकहो, धर्मगुरूला विचार करावा लागला याचे त्या कुटुंबाला नवल वाटले असेल. परंतु या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी एकदा फार चटकन दिले होते, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणी तरी मोजली होती. ती हकिकत पुढे सांगणारच आहे. आधी प्रश्न नीट मांडू या.

एकाच माणसाने शास्त्रीय आणि लोकप्रिय अशा दोन्ही शैली वाजवाव्यात काय? वरवर पाहता हा संगीताचा प्रश्न आहे. खोलात गेले तर तो निष्ठेचा प्रश्न ठरतो. दोन धन्यांची चाकरी कोणालाही करता येत नाही, असे प्रभू येशूने बजावले आहे. मग दोन शैलींची सेवा करणारा वादक अप्रामाणिक म्हणावा काय?

प्रथम वाद्याकडे पाहू. शास्त्रीय गिटारीला नायलॉनच्या तारा असतात आणि तिची पट्टी रुंद, पाच सेंटिमीटरहून किंचित अधिक असते. वादक डावा पाय छोट्या पाटावर ठेवून बसतो. अंगठा आणि तीन बोटे स्वतंत्रपणे चालतात. अंगठ्याने खर्जाचा आधार द्यावा, करंगळीशेजारच्या बोटाने वरची धून गावी आणि मधल्या बोटांनी दोहोंमधील जागा भरावी. एका माणसाने एकाच वेळी तीन माणसांचे गाणे गावे, तसा हा प्रकार आहे. तार छेडल्यावर बोट शेजारच्या तारेवर विसावू द्यायचे की ते अधांतरी परत आणायचे, एवढ्या एका भेदासाठी विद्यार्थी महिनोन्‌महिने घालवतो. लिहिलेल्या स्वरलिपीतील एकही स्वर आपल्या मर्जीने बदलायचा नाही, ही या शैलीची शिस्त आहे.

लोकप्रिय शैलीत बहुधा पोलादी तारा, अरुंद पट्टी आणि हातात प्लेक्ट्रम असते. पुष्कळांना वाटते, की येथे शिस्त नाहीच. तो समज चुकीचा आहे. मांडवात गायक काळी दोनमध्ये गातो, पुढचे गाणे गायिका काळी चारमध्ये उचलते. वादकाला तेवढ्या क्षणात सगळी स्वरसंगती हलवावी लागते. स्वरलिपी समोर नसते. ढोलकीने लय वाढवली तर तिच्याबरोबर जावे लागते, गायक कडवे विसरला तर त्याला सांभाळून घ्यावे लागते, आणि आपण सांभाळले हे कोणाला कळू द्यायचे नसते. लिहिलेल्या शब्दाशी प्रामाणिक राहणे ही पहिली शिस्त, तर समोरच्या माणसाशी प्रामाणिक राहणे ही दुसरी. मुलाने मांडवात शिकायला मिळते म्हटले, ते हेच असावे.

आता पहिला आक्षेप पाहू. उच्च ते शुद्ध राहावे, त्यात हलक्याची भेसळ होऊ नये, असे म्हणतात. पण उच्च आणि हलके हे कायमचे ठरलेले असते काय? बाखची 'शाकॉन' ही रचना आज जगभर अत्यंत गंभीर आणि श्रेष्ठ मानली जाते. मूळची व्हायोलिनची ही रचना १९३५ मध्ये आंद्रेस सेगोव्हिया यांनी पॅरिस येथे गिटारीवर वाजवली. आता हा 'शाकॉन' प्रकार आला कोठून? सोळाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील वसाहतींतून स्पेनमध्ये आलेले ते एक नृत्य होते, आणि त्या काळच्या सभ्य लोकांच्या मते ते अश्लील होते. त्याचेच भावंड म्हणावे असे 'साराबांद' हे नृत्य. त्यावर तर १५८३ मध्ये स्पेनमध्ये बंदी आली होती. दीडशे वर्षांच्या आत त्याच नृत्यांचे साचे घेऊन बाखसारख्या श्रद्धावान माणसाने अशी रचना केली, की ती ऐकताना माणूस अंतर्मुख होतो.

खुद्द गिटारीची कथाही अशीच आहे. ती स्पेनमध्ये गुत्त्यात, न्हाव्याच्या दुकानात आणि गल्लीत वाजणारी. सेगोव्हिया (१८९३ ते १९८७) यांनी तिला मैफलीच्या मंचावर नेण्यासाठी उभे आयुष्य वेचले. त्यांचे ऋण सारे गिटारवादक मानतात. परंतु ज्या वाद्याला 'हलके' म्हणून हिणवले गेले होते त्याला प्रतिष्ठा मिळवून दिल्यावर, विजेच्या गिटारीकडे मात्र त्यांनी तशाच तिरस्काराने पाहिले. माणसाच्या मनाची ही गंमत विचार करण्यासारखी आहे. आपण ज्या दारातून आत आलो, ते दार मागून लावून घ्यावेसे वाटते. त्यांच्याकडे शिकलेले जॉन विल्यम्स यांनी हे दार उघडे ठेवले. बाख वाजवणाऱ्या या वादकाने १९७९ मध्ये 'स्काय' नावाचा रॉक-वाद्यवृंद उभारण्यात भाग घेतला, आणि १९८१ मध्ये त्या वृंदाने लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत कार्यक्रम केला. त्यामुळे त्यांच्या बाखला उणेपणा आला असे कोणी म्हणू शकलेले नाही.

इतके दूर तरी कशाला जावे? आपल्याच लोकांचा इतिहास पाहावा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या पाठशाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. हेतू हा, की रविवारच्या उपासनेला गायक-वादक मिळावेत. त्या पाठशाळांतून बाहेर पडलेले शेकडो गोवेकर कामासाठी मुंबईस आले. त्यांतील अनेक जण दिवसा चित्रपटाच्या स्टुडिओत, रात्री हॉटेलातील जॅझ बँडमध्ये आणि रविवारी सकाळी चर्चच्या गायनवृंदात वाजवत. हिंदी चित्रपटसंगीताला सुवर्णकाळ लाभला, त्यात या माणसांचा वाटा मोठा आहे. आपल्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाला जे नवे संगीत दिले, त्यात चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेल्या गोवेकर ट्रंपेटवादकाचा हात होता.

माजोर्ड्याचे ॲन्थनी गोन्साल्विस (१९२७ ते २०१२) यांचे नाव १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे घराघरांत पोहोचले. परंतु ते खरे गृहस्थ होते हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला वाहिलेली ती मानवंदना होती. चर्चमधील गायनवृंदाचे प्रमुख असलेल्या वडिलांकडे ते शिकले, मुंबईत चित्रपटांसाठी व्हायोलिन वाजवू लागले आणि रागसंगीताच्या प्रेमात पडले. १९५८ मध्ये त्यांनी हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारा 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारला. गिटारीपुरते बोलायचे तर गोवेकर आईबापांच्या पोटी १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले अमान्सियो डिसिल्वा यांचे नाव घ्यावे लागेल. इंग्लंडमध्ये त्यांनी १९६९ साली 'इंटिग्रेशन' आणि 'हम दोनों' या तबकड्यांतून जॅझ आणि भारतीय स्वर एका गिटारीवर नांदवले. 'हम दोनों' हे शीर्षक मला फार बोलके वाटते.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही महाराष्ट्रातच सापडते. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये केंद्रीय नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निस्सीम भक्ती होती, आणि शास्त्रीय कलावंतांना राष्ट्रीय पातळीवर आकाशवाणीचा मंच मिळाला तो त्यांच्याच काळात; हे ऋण मान्य केले पाहिजे. पण लोकांची अभिरुची सुधारावी म्हणून आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा लोकांची अभिरुची सुधारली नाही. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. चांगल्याची सक्ती केल्याने दुसरे चांगले मरत नाही, ते फक्त आपल्या अंगणातून निघून शेजारच्या अंगणात जाते. धर्मगुरूंनी आणि आईबापांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो खरा आहे. वेळ थोडा, हात दोनच. पोलादी तारांवर नखे झिजतात, आणि झिजलेल्या नखांनी नायलॉनच्या तारेवर स्वर खरखरीत येतो. एका शैलीत मनगटाला लागलेली सवय दुसरीत अडथळा होते. दोन्ही करू म्हणणाऱ्याने दोन्हींची किंमत मोजली पाहिजे. ती न मोजता मांडवात शास्त्रीय शिक्षणाचा तोरा मिरवणे आणि परीक्षेत मांडवातील हातचलाखी खपवणे, याला मात्र वडिलांची 'चिंध्या' ही म्हण तंतोतंत लागू पडते. तेव्हा दोन शैली हा दोष नाही, अर्धवटपणा हा दोष आहे. आणि एकच शैली धरून बसणारा माणूसही अर्धवट असू शकतो.

तिसरा आक्षेप उपासनेचा. मांडवात वाजलेले वाद्य वेदीजवळ चालेल काय? पोप दहावे पायस यांनी १९०३ च्या आज्ञापत्रात पियानो, ढोल आणि तत्सम वाद्ये चर्चमध्ये मना केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये पाइप ऑर्गनचा मान राखूनही, पवित्र कार्याला साजेशी असतील ती इतर वाद्ये वापरण्यास वाट मोकळी केली. त्याच वाटेने आपल्या मराठी उपासनेत पेटी आणि तबला आले. त्या पेटीचा इतिहासही बोधप्रद आहे. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती, कारण ती परकी आणि आपल्या स्वरांना अपुरी. आज पेटीशिवाय वारकऱ्यांचे भजन कोणाला कल्पिता येईल? मात्र 'साजेसे' या शब्दाची जबाबदारी उरतेच. अर्पणाच्या वेळी हळदीचा ठेका वाजवला तर चूक गिटारीची नसून विवेकाची असते. जागा ओळखणे हा दोन्ही शैली वाजवणाऱ्याचा पहिला धर्म आहे, आणि माझा अनुभव असा, की ज्याला दोन जागा ठाऊक असतात त्यालाच त्यांच्यातील सीमा अधिक चांगली कळते.

संत ऑगस्टिन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या भागात गाण्याविषयीची आपली घालमेल प्रांजळपणे मांडली आहे. चर्चमधील गीतांनी एकेकाळी आपल्या डोळ्यांत अश्रू आणले, हे ते विसरत नाहीत. पण शब्दांच्या अर्थापेक्षा गोड आवाजानेच मन हेलावले, तर ते स्वतःला अपराधी मानतात. ध्यानात घ्या, येथे ते ज्या गाण्याविषयी बोलत आहेत ते स्तोत्रगायन आहे, बाजारातील गाणे नव्हे. म्हणजे अत्यंत पवित्र शैलीतही मन भरकटू शकते. मग उलटही खरे असले पाहिजे. अगदी साध्या गाण्यातही मन जागेवर राहू शकते.

येथे मला दोन धन्यांच्या वचनाचा उलगडा होतो. प्रभूने ज्या दोन धन्यांची नावे घेतली ते परमेश्वर आणि धन हे आहेत. शास्त्रीय आणि लोकप्रिय असे दोन धनी त्याने सांगितलेले नाहीत. तो स्वतः नासरेथच्या सभास्थानात यशयाच्या ग्रंथपटातील वचन वाचून दाखवी, आणि सरोवराच्या काठी पेरणी, जाळे, खमीर यांच्या गोष्टी सांगे. ग्रंथातील भाषा आणि शेतातील भाषा, दोन्ही त्याच्याच मुखातल्या. आपल्या मराठीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच केले. लॅटिन विद्येत वाढलेल्या या इंग्रज जेज्वीटाने १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवी निवडली. ओवी ज्ञानेश्वरीतही आहे आणि पहाटेच्या जात्यावरही आहे. जात्यावरची ओवी हलकी आणि ग्रंथातली भारी, असे आपल्या आजीला कधी वाटले असेल काय?

खरे दोन धनी वादकाच्या आत असतात. एक म्हणतो, 'हे गाणे आणि ही ऐकणारी माणसे यांना जे द्यायचे ते पूर्ण दे.' दुसरा म्हणतो, 'तू कसा दिसतोस ते बघ.' हा दुसरा धनी टाळ्यांच्या मांडवातही असतो आणि परीक्षकाच्या शांत खोलीतही असतो. तो धर्मगुरूच्या खुर्चीजवळही असतो.

आता ती राहिलेली हकिकत. पंचवीसएक वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या धर्मग्रामात तरुण धर्मगुरू होतो. आमच्या गायनवृंदात एक तरुण गिटार वाजवी. सुरेख वाजवी. एके दिवशी कोणीतरी सांगितले, की तो रात्री ऑर्केस्ट्रात जातो, आणि तेथे काय काय गाणी चालतात. मी त्याला बोलावून म्हटले, "अरे, एक काय ते ठरव. देऊळ तरी, नाही तर तमाशा तरी." तो वाद घालत बसला नाही. "बरं फादर," एवढेच म्हणाला. पुढच्या रविवारी तो मागच्या बाकावर बसला होता, गिटारीशिवाय. थोड्याच दिवसांनी ऑर्केस्ट्राही सोडल्याचे कळले. आणखी काही महिन्यांनी त्याच्या आईकडून समजले, की त्या पैशांवर त्याच्या बहिणीचे नर्सिंगचे शिक्षण चालले होते.

यात सर्वांत लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. सेमिनरीत असताना मी स्वतः दिवसा स्तोत्रांचा सराव करी आणि रात्री दिवे मालवल्यावर मित्रांच्या घोळक्यात हलक्या हाताने चित्रपटगीते वाजवी. मला त्यात पाप वाटले नव्हते. त्या मुलात मात्र वाटले. आज उमगते, की मी गाण्यांची प्रतवारी लावत नव्हतो, माणसांची लावत होतो. मांडवात नाचणारे लोक मला माझ्या चर्चमध्ये बसणाऱ्या लोकांहून खालचे वाटत होते. आणि ती बहुतेक तीच माणसे होती. 'हलके संगीत' या शब्दामागे पुष्कळदा 'हलकी माणसे' हा न बोललेला शब्द दडलेला असतो. तो आपल्या तोंडी आहे काय, हे प्रत्येकाने तपासावे.

वडगावहून परतल्यावर त्याच आठवड्यात मी त्या जुन्या धर्मग्रामात गेलो. तो तरुण आता पन्नाशीला आला आहे. मी त्याची क्षमा मागितली. तो ओशाळला, मला बसायला खुर्ची दिली, आणि म्हणाला, "फादर, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? आता बोटांचे घट्टेसुद्धा गेले." त्याने डावा हात पुढे केला. बोटांची टोके मऊ होती. मला उत्तर सुचले नाही. आम्ही दोघांनी मिळून एक 'हे आमच्या बापा' म्हटले आणि मी निघालो.

त्यानंतर वडगावच्या वडिलांना मी जे सांगितले तेच येथे लिहितो. मुलाला एक शैली सोडायला लावू नका. त्याला तीन गोष्टी मात्र विचारत जा. ज्या रात्री मांडवात वाजवतोस, त्या रात्री त्या लोकांसाठी मन लावून वाजवतोस ना? ज्या दिवशी सरांसमोर बसतोस, त्या दिवशी पुरता सराव करून बसतोस ना? आणि या दोहोंपैकी कोणत्याही ठिकाणच्या माणसाला दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर हसत नाहीस ना? या तिन्हींची उत्तरे त्याला खाली मान न घालता देता आली, तर त्याचा धनी एकच आहे असे समजा.

वडिलांना हे सगळे पटले असे नाही. "बघू, फादर," म्हणाले. पण पुढच्या मिस्सेला ते मुलाची गिटार स्वतः मोटारसायकलवर पुढे धरून घेऊन आले. अर्पणानंतरच्या शांततेत मुलाने एक साधी धून वाजवली. ती कोणत्या शैलीतली होती, हे मी त्याला विचारले नाही.